मानाचा संपफोड्या

शनिवारी संपफोडे व्हायला घरातून कोण कोण येणार, असं अपर्णानं चहाच्या वेळी सहज विचारलं आणि पंडितभाऊंच्या हातातला टोस्ट चहात बुडाला तो बुडालाच. त्यांनी तो चमच्यानं काढायचासुद्धा प्रयत्न केला नाही. कमलाबाईंनी ओळखलं, आता काही खरं नाही.

तसं पाहिलं तर सुनेची चूक काहीच नव्हती. प्रफुल्लचं ऑफिस बेलव्ह्यूला, पण काम सगळं घरूनच, म्हणून तिनं हट्टानं समुद्राकाठचं हे पोर्ट ऑर्लन शोधून काढलं होतं. एक मोठा रस्ता, एक चर्च, एक डेंटिस्ट, आणि गावाच्या पोटात शिरून थेट समुद्राच्या तळाखाली गेलेली, कधीचीच बंद पडलेली कोळशाची खाण. नवरा जन्मभर चंद्रपूरकडच्या कोळशात राबला आणि म्हातारपणी मुलगा अमेरिकेला घेऊन आला तोही कोळशावरच, यावर कमलाबाई पहिल्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला होता.

तर या गावात दर सप्टेंबरात 'कोल डे' असतो. सव्वाशे वर्षांमागं इथल्या कामगारांनी संप केला होता आणि ते सपशेल हरले होते. त्या हरण्याचं नाटक गाव दरवर्षी भर रस्त्यात मोठ्या हौसेनं करतं. संपकरी गेटसमोर उभे राहतात, कंपनी बाहेरगावचे संपफोडे आणते, ते शिव्या खात गेटातून आत जातात, संप मोडतो, आणि मग सगळे मिळून चर्चच्या हॉलमध्ये चिली खातात. चिली म्हणजे राजम्याची भाजी, फक्त तिला वाटतं आपण कोणीतरी वेगळे आहोत. संपकरी व्हायला गावात रांग लागते. संपफोड्या व्हायला कोणी पुढं येत नाही, म्हणून कधीतरी रीतच पडली की गावात सगळ्यात शेवटी राहायला आलेल्या घरानं तो मान घ्यायचा. नव्या माणसाची गावानं एकदा पोटभर हुर्यो केली की तो गावाचा झाला. कमिटीच्या मार्लीनबाई स्वतः केक घेऊन आमंत्रणाला आल्या, तेव्हा अपर्णा हरखून 'ऑफ कोर्स' म्हणून मोकळी झाली. वर्षभर दारात कोणी केक आणला नव्हता बिचारीच्या.

पण घर कोणाचं, हे तिनं लक्षात घ्यायला हवं होतं. पंडितभाऊ म्हणजे युनियनचे वीस-बावीस वर्षांचे सेक्रेटरी. प्रफुल्ल झाल्याची बातमी त्यांना गेटमीटिंगमध्ये कोणीतरी कानात सांगितली, तर ते माइकवरून 'मंजूर' म्हणाले होते. अशा माणसाला संपफोड्या व्हायचं आमंत्रण. आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, चहात टोस्ट न बुडवता कोरडाच खात, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ दिगंबर बसलेला, ज्याच्याशी ते प्रफुल्ल रांगत होता तेव्हापासून एक शब्द बोललेले नव्हते. कारण दिगंबर हा खरोखरीचा संपफोड्या होता.

तो संप मे महिन्यातला. खाणीत खाली प्यायला थंड पाणी हवं, एवढीच मागणी. तिसऱ्या दिवशी दिगंबर डबा घेऊन सगळ्यांदेखत गेटातून आत गेला, सात दिवस गेला, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या क्वार्टरच्या खिडकीत नवा कोरा कूलर लागला. त्याच्या बायकोला, पद्मिनीला, सातवा महिना होता, पोटात रुचा, आणि चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. पण भावानं थंड पाण्याचा संप फोडून कूलर आणला, हे पंडितभाऊंच्या डोक्यातून काही जाईना. त्या दिवसापासून अबोला.

यात भरडल्या गेल्या त्या कमलाबाई. पद्मिनी त्यांची नुसती जाऊ नव्हे, पाठची सख्खी बहीण. दोन बहिणी दोन भावांना दिल्या तेव्हा आई म्हणाली होती, बरं झालं, एकमेकींना धरून राहाल. कसल्या धरून राहतायत. चाळीस वर्षं चोरट्यासारख्या भेटत होत्या, बाजारात, दवाखान्यात, दुसऱ्यांच्या लग्नात. आता पद्मिनी आणि दिगंबर लेकीकडं, रुचाकडं, टेक्सासात अर्विंगला असायचे. दोघी एका देशात, तरी फोनवरच. शेवटी कमलाबाईंनी प्रफुल्लला हाताशी धरून तिकिटं काढायला लावली आणि पंडितभाऊंना पाहुणे दारात येईपर्यंत कळूच दिलं नाही.

पाहुणे बुधवारी आले. दिगंबरनं दारातच हात जोडून 'जय भीम, दादा' म्हटलं. आता जय भीमला उत्तर न देणं पंडितभाऊंना शक्यच नव्हतं, तो काही साधासुधा नमस्कार नाही. आणि भावाशी बोलणंही शक्य नव्हतं. ते गर्रकन वळले आणि हॉलमधल्या बाबासाहेबांच्या फोटोला खणखणीत 'जय भीम' घालून बाल्कनीत निघून गेले. दिगंबर कमलाबाईंना म्हणाला, चला, वहिनी, निदान आवाज तरी ऐकू आला.

पुढचे दोन दिवस सगळा कारभार आन्यामार्फत चालला. नात बारा वर्षांची, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्लिशमध्ये. पंडितभाऊ म्हणायचे, त्यांना विचार लोणचं हवंय का. आन्या मान न वळवता सांगायची, "काका-आजोबा, ही वॉन्ट्स टु नो अबाउट द पिकल." दिगंबर म्हणायचा, त्यांना सांग, वाढलं तर घेईन. तोवर लोणच्याची बरणी तिघांच्या मधोमध उभी असायची. एकदा पोरगी वैतागली आणि म्हणाली, "आजोबा, ही इज सिटिंग राइट देअर." पंडितभाऊ म्हणाले, मला काही दिसत नाही, चष्मा वर राहिला.

गुरुवारी भाजी निवडताना पद्मिनीनं सरळच सांगून टाकलं. ती बोलायची कमी, पण एकदा बोलली की तुकडाच पाडायची.

"ताई, आम्ही रविवारच्या विमानानं जातो. तोवर भाऊजी ह्यांच्याशी एक शब्द जरी सरळ बोलले तर ठीक. नाहीतर मी पुन्हा तुझ्या घरी यायची नाही. नवऱ्याला भिंतीसारखं वागवतात तिथं मला घास उतरत नाही. माझंही वय झालंय आता."

कमलाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्यांना ह्या बयेला सांगायचं होतं की अगं, तू आलीस म्हणून काल मला रात्रभर झोप लागलीय नीट. पण त्या म्हणाल्या फक्त, 'बघू.' आणि तेव्हापासून त्यांच्या छातीवर रविवार धोंड्यासारखा बसला होता. नवऱ्याच्या तोंडून एक शब्द. जन्मभर माइकवर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एक शब्द काढायचा होता आणि तो काही निघत नव्हता.

त्यात आज शुक्रवारी सकाळी हे संपफोड्याचं आमंत्रण. पंडितभाऊंनी बुडालेल्या टोस्टकडं पाहत सुनेला विचारलं, तू 'हो' म्हणालीस? अपर्णा म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ स्किट. सगळ्या नवीन लोकांनी केलंय. मार्लीननं प्रोग्रॅममध्ये आपलं नाव प्रिंटपण केलं." पंडितभाऊंनी खुर्ची मागं सारली, उभे राहिले, आणि आपल्या घराण्याचा गेटातून आत जाण्याशी काय संबंध आहे यावर बोलायला तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं की घराण्याचा तसा संबंध आहे, आणि तो समोर बसून टोस्ट खातोय. तोंड मिटलं.

तेव्हा दिगंबरनं बशी बाजूला सारली.

"मी जातो की," तो अपर्णाला म्हणाला. "मला अनुभव आहे."

स्वयंपाकघरात पद्मिनीला हसू फुटलं आणि ते लपवायला तिनं मिक्सर लावला, रिकामाच. प्रफुल्ल लॅपटॉपमध्ये इतका खाली वाकला की नाक की-बोर्डला टेकलं. पंडितभाऊ लालबुंद होऊन फ्रिजला उद्देशून म्हणाले की ज्यांना जायचं त्यांनी जावं, आम्ही संपकऱ्यांच्यात असू. आणि जाऊन खरोखरच मार्लीनबाईंना तसं सांगून आले. एकाच घरातून संपफोड्याही मिळाला आणि संपकरीही, म्हणून मार्लीनबाई भयंकर खूश झाल्या. त्या बाईला काय कल्पना.

शनिवारी दुपारी समुद्रावरून गार वारा सुटला होता आणि सगळं गाव रस्त्यावर होतं. जुन्या खाणीचं गेट अजून शाबूत आहे, नुसतंच गेट, मागं गवत आणि कोळशाची काळी वाळू. त्याच्यासमोर तीस-चाळीस संपकरी टोप्या घालून, गालांना काजळी फासून उभे. पंडितभाऊंनी काजळी लावून घ्यायला नकार दिला, म्हणाले आमची जन्मभराची आत गेलेली आहे, तेवढी पुरे. संपकऱ्यांच्या बायका म्हणून कमलाबाई आणि पद्मिनीला एप्रन मिळाले, आणि बडवायला एकेक पातेलं. खऱ्या संपात इथल्या बायकांनी भांडी बडवून संपफोड्यांची झोप उडवली होती म्हणे. पद्मिनी म्हणाली, संपफोड्याची बायको असून मी संपकऱ्यांचं पातेलं वाजवतेय, कोणाला सांगू नको.

नाटक सुरू झालं. संपकऱ्यांच्या पुढाऱ्याचं काम गावातला प्लंबर करत होता. त्यानं मूठ अर्धी वर केली आणि 'फेअर वेट' असं, शेजाऱ्याला बाळ झोपलंय म्हणून सांगावं तशा आवाजात म्हटलं. बाकीचे त्याच सुरात 'फेअर वेट' म्हणाले आणि एकानं कॉफीचा घोट घेतला. दुसऱ्यांदाही तसंच. कमलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. पंडितभाऊंच्या मानेची शीर ताडताड उडत होती. खराब गाणं ऐकताना गवयाचं व्हावं तसं त्यांचं होत होतं. त्यांनी तिसरी घोषणा कशीबशी सहन केली. चौथ्या वेळी प्लंबरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच बाजूला केलं, कमरेत ताठ झाले, आणि चाळीस वर्षांपूर्वी तीन पाळ्यांना एकदम ऐकू जायचा तो आवाज काढला.

"कोण म्हणतं देणार नाही?"

समुद्रपक्षी उडाले. लोक बघत राहिले. मग कमलाबाईंनीच, काय करणार, सवय, पातेलं हाणून उत्तर दिलं, "घेतल्याशिवाय राहणार नाही!" पद्मिनीनंही दिलं. तिसऱ्यांदा आन्यानं दिलं. सहाव्या-सातव्या वेळेपर्यंत सगळं पोर्ट ऑर्लन 'गेटल्या-शिव्हाय' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. प्लंबरच्या डोळ्यांत तर पाणी आलं. दरवर्षी संप हरतो तरी आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचं कारण त्याला आज कळलं असावं.

आणि याच वेळी रस्त्याच्या दुसऱ्या टोकानं, डोक्याला गोल हॅट, हातात पत्र्याचा डबा, अंगात ढगळ कोट घालून दिगंबर आला. एकटाच. अपर्णानं बरोबर येऊ का विचारलं होतं, तर म्हणाला, नको, तेव्हाही एकटाच गेलो होतो. गावानं जी हुर्यो केली ती केली. पोरांनी काळे रंगवलेले स्पंज फेकून मारले. दिगंबर मजेत होता, एक स्पंज त्यानं झेलून परत मारला. हसत हसत तो गेटापर्यंत पोचला, आणि तिथं पंडितभाऊ आडवे उभे होते, दोन्ही हात पसरून.

ठरलं होतं असं की संपकऱ्यांनी इथं माना खाली घालून वाट द्यायची. सगळ्यांनी दिली. पंडितभाऊंनी दिली नाही. कंपनीचा मॅनेजर झालेला डेंटिस्ट म्हणाला, "सर, धिस इज व्हेअर यू स्टेप असाइड." पंडितभाऊ हलले नाहीत. मार्लीनबाई हातातले कागद नाचवत आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की हिस्टरीमध्ये तुम्ही बाजूला होता. पंडितभाऊंनी अपर्णाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, बाईला सांग, हिस्टरीमध्ये मी नव्हतो.

दिगंबरच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि अपर्णाला म्हणाला, त्यांना सांग, नाटक आहे. पंडितभाऊ अपर्णाला म्हणाले, त्यांना सांग, तेव्हाही त्यांना नाटकच वाटलं होतं. दिगंबर म्हणाला, त्यांना सांग, बायको पोटुशी होती, शेहेचाळीस डिग्रीत रात्रभर तडफडत होती. पंडितभाऊ म्हणाले, त्यांना सांग, बायका सगळ्यांनाच होत्या, कूलर एकालाच आला. सगळं मराठीत, सगळं अपर्णाच्या डाव्या-उजव्या कानात, आणि दोघांचे आवाज चढत चाललेले. गाव श्वास रोखून बघत होतं. इतकं जिवंत काम कोल डेला कोणी केलं नव्हतं. एक म्हातारी शेजारणीला म्हणत होती की दे मस्ट बी प्रोफेशनल्स.

मग पद्मिनी, जी कधी बोलत नाही ती, पातेलं खाली ठेवून म्हणाली,

"भाऊजी, त्या कूलरपुढं रोज दुपारी तुमचा प्रफुल्ल झोपायचा. आणि त्याची आईपण."

पंडितभाऊंनी कमलाबाईंकडं पाहिलं. आता काय सांगणार? खरं होतं ते. हे कामावर गेले की त्या पोराला काखेत मारून मागच्या दारानं बहिणीकडं जायच्या, आणि वाळ्याच्या त्या गार वाऱ्यात अशी झोप लागायची की संध्याकाळचा भोंगा झाला तरी जाग येत नसे. कमलाबाईंनी पातेलं बडवायला सुरुवात केली. बाकीच्या बायकांना वाटलं खूण आहे. दोन मिनिटं नुसता भांड्यांचा दणदणाट झाला, आणि तेवढ्यात कमलाबाईंना तोंडावरचा रंग सावरता आला.

दणदणाट थांबल्यावर पंडितभाऊंनी जाहीर केलं की वाटाघाटी झाल्याशिवाय गेट उघडणार नाही. टेबल आणा. मार्लीनबाईंनी चिली गार होतेय अशी काकुळतीची विनवणी केली. पण संपकरीच आता ऐकेनात. चर्चच्या हॉलमधून टेबल आलं. एका बाजूला डेंटिस्ट, दुसऱ्या बाजूला पंडितभाऊ, मधे दुभाषी म्हणून अपर्णा, आणि बाजूला डबा घेऊन तिष्ठत दिगंबर, कारण त्याला आत जायलाही मिळेना आणि परतही. पंडितभाऊंनी विचारलं, मागण्या काय? संपकरी एकमेकांकडं बघू लागले. दरवर्षी 'फेअर वेट', वजन खरं करा, म्हणत हरत होते, पण कसलं वजन हे कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी प्लंबरला आठवलं. कोळसा जेवढा काढला तेवढ्याचे पैसे मिळायचे, आणि काट्यावर माणूस कंपनीचा असायचा. गाडी भरून कोळसा वर यायचा आणि काट्यावर चढला की अर्धा व्हायचा. त्यांना काट्यावर आपला माणूस हवा होता.

पंडितभाऊंचा चेहरा उजळला. माहेरचं कोणी भेटावं तसा. त्यांनी बाह्या सारल्या आणि कराराचा मजकूर सांगायला घेतला. काट्यावर कामगारांचा निवडलेला माणूस बसेल. दिव्याचं तेल कंपनी देईल, पगारातून कापणार नाही. डेंटिस्ट आधी सगळ्याला 'शुअर' म्हणत होता, तर पंडितभाऊ त्याच्यावर चिडले, म्हणाले असं लगेच कबूल करायचं नसतं, जरा ताणून धर. मग तो बिचारा ताणून धरू लागला. अर्धा तास खेचाखेच झाली. लोक मांड्या घालून रस्त्यातच बसले, कोणी खुर्च्या आणल्या, प्रफुल्लनं लॅपटॉप मिटून कारमध्ये ठेवला, म्हणजे बघा.

शेवटी पंडितभाऊ डोळे मिटून, सवयीनं, एका दमात म्हणाले, "आणि संपाच्या काळातल्या वागणुकीबद्दल, संपात सामील असो वा नसो, कोणाही कामगाराविरुद्ध कोणत्याही बाजूकडून सूडबुद्धीनं वागण्यात येणार नाही."

अपर्णा लिहिता लिहिता थांबली. "बाबा, 'असो वा नसो' म्हणजे जे आत गेले तेपण?"

पंडितभाऊ म्हणाले, अर्थात. प्रत्येक करारात शेवटी हे असतंच. नाहीतर संप मिटला असं म्हणताच येत नाही. एवढं बोलले आणि त्यांनी डोळे उघडले, तर समोर डबा घेऊन दिगंबर.

कमलाबाईंना वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. त्या पातेलं घेऊनच टेबलापाशी आल्या. चारचौघांत नवऱ्याला बोलायची त्यांना सवय नव्हती, पण समोर रविवार दिसत होता.

"आपल्या संपातही हेच घातलं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "कॉलनीत खुर्चीवर उभं राहून वाचून दाखवलं. मी सगळ्यात पुढं बसून टाळ्या वाजवल्या. मग आपला तो संप अजून कसा मिटला नाही?"

पंडितभाऊ पुटपुटले की ते कंपनीला बंधनकारक होतं, ही घरातली गोष्ट आहे.

"बरं. मग घरात हा दिगंबर तुमचा कोण, ते एकदा सांगा. कामगार असेल तर कलम लागू आहे, मोडलंय तुम्ही. आणि भाऊ असेल तर कलम कशाला पाहिजे हो?"

आणि त्यांना रडू आलं. भर रस्त्यात, एप्रन घालून, पातेलं पोटाशी धरून. मार्लीनबाईंना एक अक्षर कळलं नव्हतं, तरी त्याही रुमाल शोधू लागल्या.

पंडितभाऊंनी टेबलावरचा करार अपर्णाकडं सरकवला. मग उठले. त्यांनी गेटाचं एक दार ढकलून उघडलं, भावाकडं वळले, आणि अपर्णाकडं न बघता, फोटोकडं, भिंतीकडं, फ्रिजकडं न बघता म्हणाले,

"जा आत, दिगंबर."

दिगंबरनं कानामागं हात धरला. "काय म्हणालास, दादा?"

"जा आत म्हणालो. बहिरा झालास का?"

दिगंबरनं गोल हॅट काढली. गेटाकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि डबा मांडीत घेऊन संपकऱ्यांच्या रांगेत फतकल मारून खाली बसला.

"मी नाही जात," तो म्हणाला. "या वेळी मी संपात आहे."

"अरे पण संप मिटला. आत्ता करार झाला ना तुझ्यासमोर. आता बसून काय उपयोग, गाढवा, बसायचं तेव्हा नाही बसलास."

"सही कुठं झालीय अजून? सही होईपर्यंत संप चालू असतो. तूच शिकवलंस. आणि ते दिव्याच्या तेलाचं कलम कच्चं आहे, दादा. कंपनी तेलात पाणी घालील."

"पाणी कसं घालील? तेलात पाणी घातल्यावर दिवा लागेल का?"

"तेच सांगतोय. लागणार नाही."

पंडितभाऊ त्याला समजावून सांगायला खाली वाकले, मग गुडघे दुखले म्हणून शेजारी बसले, आणि मग काही उठलेच नाहीत. डेंटिस्ट सही करायला पेन घेऊन उभा राहिला, त्याला दोघांनी थांबवलं. शेवटी प्लंबर आणि डेंटिस्टनं आपापसात सह्या करून टाकल्या, आणि पोर्ट ऑर्लनचा संप एकदाचा जिंकला गेला. प्रोग्रॅममध्ये हरल्याचं छापलं होतं. मार्लीनबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, आधी जेवा.

हॉलमध्ये चिली पुन्हा गरम झाली. भाऊ एका टेबलावर बसले, त्यांच्यापुढं वाडगे तसेच भरलेले. तेलावरून गाडी काट्यावर आली होती, काट्यावरून चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा फोरमनवर, आणि दोघंही एकाच वेळी बोलत होते. आन्या जवळ जाऊन लोणचं हवंय का विचारून आली, तर दोघांनी एकदमच तिला गप्प केलं. ती म्हणाली, "ओके, आय क्विट."

पद्मिनी बहिणीच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. ती म्हणाली, ताई, हे काही उद्या विमानात बसायचे नाहीत. त्यांचं आत्ता कुठं एका महिन्याचं भांडण झालंय. अजून सगळी वर्षं राहिलीत.

कमलाबाईंनी प्रफुल्लला हाक मारली. "काका-मावशीची तिकिटं कॅन्सल कर."

प्रफुल्ल म्हणाला, "आई, नॉन-रिफंडेबल आहेत ती. एअरलाइन ऐकणार नाही."

"ऐकेल," कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पद्मिनीच्या वाडग्यात आणखी एक डाव चिली वाढली. "दोघं भाऊ जातील बोलायला."